तेल न पिणारी जमीन

स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा असावा की कडप्प्याचा, यावर आपण बायका चार दुपारी बोलू शकतो. बैठकीच्या फरशीचा रंग पडद्याला साजतो की नाही, हेही बारकाईने पाहतो. पण घराच्या पुढल्या अंगाला किंवा मागच्या पडवीला लागून जी एक खोली असते, जिथे मोटारसायकल उभी राहते, मोटारपंप उघडून पडलेला असतो, डिझेलची कॅन, ग्रीसचा डबा, जुनी बॅटरी आणि फवारणीचा पंप नांदत असतो, त्या खोलीची जमीन कशी असावी याचा विचार घरात कोणीच करीत नाही. ती ‘पुरुषांची खोली’ म्हणून सोडून दिलेली असते. झाडू मात्र तिथेही आपलाच फिरतो. आणि तिथले तेल चपलांना लागून देवघरापर्यंत आले, की पुसायचेही आपल्यालाच असते!

आमचा केळापूर तालुका कापसाचा. तालुक्याचे ठिकाण पांढरकवडा, तेही नागपूर-हैदराबाद महामार्गावर. त्यामुळे एकीकडे शेतीची अवजारे आणि दुसरीकडे ट्रक-ट्रॅक्टरची दुरुस्ती, असे दोन्ही व्याप इथल्या घरांना चिकटलेले. पुढे गॅरेज आणि मागे संसार अशी घरे रस्त्याच्या कडेला कितीतरी दिसतात. आमच्याही घरी पुढच्या खोलीत मोटारपंप दुरुस्तीचे काम चालते. त्या खोलीची जमीन नव्याने करायचे ठरले, तेव्हा धाकटे भावजी म्हणाले, “वहिनी, त्या भुईले काहून एवढा पैसा लावता? तेल सांडलं का पुसलं, झालं!” यावर सासूबाई आतूनच म्हणाल्या, “पुसते कोण पण? तू पुसतं का?” भावजी गप्प झाले, आणि मी चौकशीला लागले. ओळखीचे गवंडी, रंगारी, गॅरेजवाले, शाळेतल्या विज्ञानाच्या बाई अशा सगळ्यांना विचारून, वाचून जे समजले ते मैत्रिणींपुढे ठेवते.

प्रश्न नुसत्या डागांचा नाही

तेलाचा डाग डोळ्यांना खुपतो, एवढेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण त्याच खोलीत कीटकनाशकेही असतात. २०१७ च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. ती विषबाधा शेतातली होती हे खरे. पण यातली कित्येक औषधे श्वासावाटेच नव्हे तर कातडीतूनही अंगात शिरतात, हा त्यातला धडा घरालाही लागू आहे. औषध पंपात ओतताना चार थेंब जमिनीवर पडतात. जमीन सच्छिद्र असेल तर ते थेंब आत मुरतात आणि वरून पुसले तरी निघत नाहीत. त्याच जागी उद्या रांगते मूल बसते, परवा आपण धान्याचे पोते टेकवतो आणि दिवाळीनंतर तिथेच वेचणीचा कापूस भरतो.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते. कोणताही लेप दिला तरी औषधे राहत्या घरात ठेवणे चांगले नाही. वेगळी जागा नसेलच तर कुलपाच्या कपाटात, धान्यापासून दूर, आणि खाली उभ्या कडेचा पसरट ट्रे ठेवून ठेवावीत. डबा गळला तर ट्रे धरतो, जमिनीपर्यंत जाऊच देत नाही. शंभर रुपयांचा ट्रे कधीकधी हजारो रुपयांच्या लेपाचे काम करतो!

कोबा तेल का पितो?

पूर्वी मातीची जमीन होती. तीही तेल प्यायची, पण तेवढी माती खरवडून काढायची, नवी माती ठोकायची आणि वरून सारवायचे की झाली कोरी. सिमेंटच्या कोब्याला हा उपाय चालत नाही. सिमेंट कालवताना लागते त्याहून जास्त पाणी आपले गवंडी घालतात, कारण पातळ माल पसरायला सोपा. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे केसापेक्षाही बारीक छिद्रे ठेवून जाते. त्या छिद्रांतून तेल, डिझेल, औषध सगळे आत उतरते. माल घट्ट कालवला आणि वर पाणी मारून निदान सात-दहा दिवस जमीन ओली ठेवली, तर हीच छिद्रे पुष्कळ कमी होतात. पाणी मारायचे काम बहुधा घरच्या बाईकडेच असते, तेव्हा त्यात कसूर करू नये. पुढचे निम्मे दुखणे तिथेच वाचते.

आपली जमीन किती पिते हे पाहायचे असेल तर चमचाभर पाणी ओतावे. मिनिटभरात जिरले तर ती तहानलेली आहे. मोत्यासारखे थेंब वरच राहिले तर तिथे आधीचे तेल, मेण किंवा जुना लेप आहे असे समजावे. ही दुसरी जागाही धोक्याचीच, कारण तेलकट जमिनीवर नवा लेप धरत नाही.

आधी जमीन, मग लेप

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. घराखाली तीच माती राहिली असेल तर वरचा कोबाही वर्षाकाठी हलतो आणि तडकतो. अशा जमिनीवर कितीही भारी लेप दिला तरी जिथे कोबा फाटेल तिथे लेपही फाटणार. नवी खोली बांधत असाल तर काळी माती होईल तेवढी काढून मुरुमाची भर घालावी, ती पाणी मारून धुम्मसाने नीट ठोकावी, वर गिट्टीचे काँक्रीट आणि मग कोबा करावा. कोबा एकाच मोठ्या चादरीसारखा न करता चार-चार फुटांचे चौकोन पाडून मधे काचेच्या पट्ट्या बसवाव्यात. मग तडा जायचाच असेल तर पट्टीच्या रेषेत जातो.

भराव आणि काँक्रीट यांच्या मधे जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्याने खालची ओल वर चढत नाही. उतारही आताच द्यावा. आठ फुटांना एक इंच, दाराकडे किंवा कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे. सांडलेले एका जागी जमले की गोळा करता येते, खोलीभर पसरत नाही.

जुनी जमीन असेल तर ओल तपासावी. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा जाड प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला पक्क्या चिकटवाव्यात. निदान १६ तास तसाच राहू द्यावा. काढल्यावर आतून दव धरलेले दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल, तर ओल आहे. ही परीक्षा उन्हाळ्यात घेऊन उपयोग नाही, तेव्हा सगळेच कोरडे असते. पावसाळा संपता संपता घ्यावी.

बाजारात काय काय मिळते?

ऑइल पेंट: सगळ्यांत आधी हाच सुचतो, कारण डबा घरात उरलेला असतो. पण सिमेंटवर तो टिकत नाही. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी याचे कारण फार छान सांगितले. सिमेंटमध्ये क्षार असतो आणि ऑइल पेंटमध्ये तेल. क्षार आणि तेल एकत्र आले की साबण होतो! ओल लागताच रंगाखाली हीच क्रिया होते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. डांबराचा लेपही इथे नको. डांबर आणि डिझेल एकाच खनिज तेलाची लेकरे, त्यामुळे डिझेल सांडले की डांबर विरघळते.

शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा: शहाबादी कर्नाटकातून, तांदूर शेजारच्या तेलंगणातून, कडप्पा आंध्रातून आणि कोटा राजस्थानातून येतो. चालायला, धुवायला सगळे चांगले. पण हे सारे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. बॅटरीचे आम्ल पडले की फसफसतात आणि तिथे खरखरीत पांढरा चट्टा कायमचा राहतो. बॅटरीचे काम नसेल आणि सांधे नीट भरले असतील तर तांदूर किंवा कोटा स्वस्तात मस्त. मात्र गुळगुळीत पॉलिश करून घेऊ नये, तेल पडले की पाय घसरतो.

व्हिट्रिफाइड पार्किंग टाइल: ही टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तेल आणि आम्ल दोन्हींना दाद देत नाही. खरखरीत, जाड, पार्किंगसाठी म्हणून मिळते तीच घ्यावी. दुबळी जागा दोन. एक म्हणजे सांधे. ते साध्या पांढऱ्या सिमेंटने न भरता इपॉक्सीच्या मसाल्याने भरावेत. दुसरी म्हणजे पोकळ बसवलेली टाइल. वरून पाना किंवा हातोडा पडला की ती फुटते. गवंडी जाण्याआधी प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर लगेच काढायला लावावी, भीड धरू नये.

जमीन घट्ट करणारे पाणी: हे सिलिकेटचे पातळ द्रावण असते. कोब्यातल्या मोकळ्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन छिद्रांत दगडासारखा पदार्थ तयार होतो. कोबा कठीण होतो आणि रोज झाडताना उडणारी सिमेंटची धूळ थांबते. खर्च कमी, पापुद्रे सुटायची भीती नाही. पण वर पडदा नसल्यामुळे तेल फार वेळ राहिले तर डाग पडतोच, आणि आम्लापुढे याचा इलाज नाही.

अ‍ॅक्रिलिक लेप: एका डब्यातला, लावायला सोपा. पाण्याला चांगला, पण पेट्रोल आणि थिनर पडले की मऊ पडतो. नुसती मोटारसायकल उभी राहत असेल तिथे चालेल, दुरुस्तीच्या खोलीत नको.

इपॉक्सी: हा सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेला. तोच जरा खोलात पाहू.

इपॉक्सी म्हणजे आहे तरी काय?

नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. फुटलेली बशी जोडायला दोन नळ्यांतला अ‍ॅराल्डाइट आपण घरोघर वापरतो, तो याच कुळातला. स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तां या रसायनतज्ज्ञाने १९३० च्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी याचा शोध चालवला होता. पुढे १९४६ मध्ये अ‍ॅराल्डाइट बाजारात आला. एका डब्यात राळेसारखा पदार्थ आणि दुसऱ्यात त्याला घट्ट करणारे द्रव्य. दोन्ही एकत्र केले की आतल्या आत गुंफण होऊन कडक, अखंड थर बनतो. रंग वाळतो, इपॉक्सी ‘जमतो’. विरजण लागल्यासारखेच म्हणा ना! आणि दह्याचे जसे परत दूध होत नाही, तसा हाही परत पातळ होत नाही.

इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस, पातळ आम्ल, फवारणीची औषधे यांना तो चांगला टिकतो. सांधा नसल्याने कुठे घाण अडकत नाही. पण त्याची पथ्येही आहेत. उघड्या उन्हात तो पिवळा पडतो, पुढे भुकटी सुटते. दार सताड उघडे राहून ऊन आत येत असेल तर वरचा शेवटचा हात पॉलियुरेथेनचा द्यावा. वेल्डिंगची ठिणगी त्याला जाळते, म्हणून वेल्डिंगचा कोपरा साध्या कोब्याचाच ठेवावा. मोटारसायकलचे स्टँड एकाच बिंदूवर भार देते, तिथे लाकडी फळी टाकावी. आणि महामार्गावरून तापून आलेल्या चाकाला कच्चा लेप चिकटून उचलला जातो, म्हणून वाहनाच्या जागी नुसता पातळ रंग भागत नाही.

लिटरचा हिशेब

फसवणूक होते ती इथे. ‘इपॉक्सी करून देतो’ म्हणून एक पातळ हात मारून जाणारे लोक आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरी पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले, आणि करून देणाऱ्याचा फोन काही लागला नाही. अशा वेळी गृहिणीचा हिशेब कामी येतो. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला तर एक मिलिमीटर जाडी होते. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजेच सुमारे ११ चौरस मीटर. दोन मिलिमीटरचा अखंड थर हवा असेल तर २२ लिटर माल लागणारच. पाचवा भाग मिलिमीटर, म्हणजे रंगासारखे दोन-तीन हात हवे असतील तर सव्वादोन लिटर, तेही पाणी किंवा थिनर उडून गेल्यावर जे मागे उरते तेवढे धरून. तेव्हा ‘चौरस फुटाला किती’ एवढेच न विचारता ‘जाडी किती आणि डबे किती’ हे कागदावर लिहून घ्यावे. काम संपल्यावर रिकामे डबे मोजावेत. दूध मोजून घेणाऱ्या आपण, डबे मोजायला कशाला लाजायचे?

काम कधी आणि कसे करावे?

नवा कोबा असेल तर निदान २८ दिवस थांबावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दहा अंश उष्णता वाढली की कालवलेला माल वापरायची मुदत जवळजवळ निम्मी होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे भर उन्हाळ्यात बादलीतच दगड व्हायचा. पावसाळ्यात हवेतली ओल लेपावर दुधाळ झाक आणते. उरले थंडीचे दिवस. पण दिवाळीनंतर आपल्या घरात कापूस भरलेला असतो. तेव्हा कापूस विकून खोली रिकामी झाली की संक्रांत ते शिवरात्र हा काळ उत्तम.

कामाचा क्रम असा असावा:

१. जुने तेल काढणे. लाकडाचा भुसा टाकून वरचे टिपावे, मग धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने ताठ ब्रशने घासावे. पाणी जिरू लागेपर्यंत दोन-तीनदा करावे. फार मुरलेला भाग फोडून नवा भरावा.

२. घासणे. फरशी पॉलिश करतात तसल्या मशीनने वरची गुळगुळीत साय काढावी. काही लोक त्याऐवजी अ‍ॅसिड ओततात. धूर, डोळ्यांना इजा आणि मागे राहणारी ओल यामुळे राहत्या घरात ते टाळलेलेच बरे. मशीनची धूळही छातीला वाईट, करणाऱ्याने तोंडाला चांगला मास्क बांधावा. मुलांना आणि सासूबाईंना त्या दिवशी शेजारी धाडावे.

३. भेगा भरणे, धूळ पूर्ण झाडणे, आणि पहिला पातळ हात, ज्याला प्रायमर म्हणतात.

४. मुख्य लेप. दोन डब्यांचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते तेच घ्यावे. अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही. प्रमाण चुकले तर जागोजागी चिकट राहते. ओल्या लेपावर बारीक पांढरी वाळू भुरभुरवून घ्यावी, म्हणजे तेल पडले तरी पाय सरकत नाही.

५. साधारण एका दिवसाने अनवाणी चालावे, पण गाडी आणि जड सामान सात दिवस नको.

लावणाऱ्याने हातमोजे घातलेच पाहिजेत. ओला इपॉक्सी कातडीला लागून काहींना कायमची खाज-पुरळ जडते. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ विडी-काडी, चूल काही नको.

सांडल्यावर काय करावे?

जमीन न पिणारी झाली म्हणजे सांडलेले वरच राहते. ते तसेच ठेवायचे नसते. तेल किंवा डिझेल असेल तर भुसा किंवा कोरडी माती टाकून गोळा करावे, मग साबणाच्या पाण्याने पुसावे. बॅटरीचे आम्ल असेल तर खाण्याचा सोडा टाकावा, फसफसणे थांबेपर्यंत टाकत राहावे, मग भरपूर पाण्याने धुवावे.

फवारणीचे औषध असेल तर आधी मुलांना दूर करावे, हातमोजे घालावेत आणि कोरडी माती टाकून ती माती फावड्याने वेगळ्या डब्यात भरावी. पाण्याचा लोंढा सोडून नालीत किंवा विहिरीकडे ढकलू नये. शेवटी साबणाने जागा धुवावी, ते पाणीही कपड्याने टिपून घ्यावे. तो कपडा परत घरात वापरू नये. बाटलीवर चौकटीतला रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. घरातल्या शाळकरी मुलांनाही हे रंग शिकवून ठेवावेत. कोणाला मळमळ, घाम, अंधारी, तोंडाला लाळ असे काही झाले तर घरगुती उपाय करीत न बसता १०८ ला फोन करावा आणि बाटली सोबत न्यावी. डॉक्टरांना नाव कळले की उपचार लवकर सुरू होतो.

मग घ्यावे काय?

ज्या घरी फक्त दुचाकी उभी राहते, त्यांनी चांगला कोबा करून सिलिकेटचे पाणी द्यावे, पुरे आहे. शेतीची अवजारे, डिझेल आणि बॅटरी असेल तिथे इपॉक्सीच्या सांध्यांची पार्किंग टाइल सर्वांत कमी कटकटीची, आणि ती ओळखीचा गवंडीही बसवू शकतो. रोजचे दुरुस्तीचे काम चालते, तिथे ओल नसल्याची खात्री करून दोन मिलिमीटरचा इपॉक्सी. ओल असेल तर इपॉक्सीचा नाद सोडून टाइलच लावावी. आणि हातात पैसेच कमी असतील, तर कोबा नीट करून घ्यावा आणि गळणाऱ्या प्रत्येक वस्तूखाली ट्रे ठेवावा. यात कमीपणा काहीच नाही.

आमच्या खोलीत ओल निघाली, म्हणून आम्ही टाइल घेतली. खर्च किती ते घरातल्या पुरुषमंडळींनी ठरवले, पण काय लावायचे ते या वेळी बायकांनी ठरवले. तुमच्याकडेही या पावसाळ्याच्या शेवटी दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा त्या खोलीत चिकटवून पाहा. काय लावायचे याचे निम्मे उत्तर तो तुकडाच देईल.